यंदाची ज्वारी

"मग माझं चुकलं कुठं, बुवा?"

भारतीबुवा मठाच्या ओट्यावर बसून आपली कफनी शिवत होते. एका ठिगळावर दुसरं ठिगळ बसवत होते. सुई कापडात गेली, बाहेर आली.

नागनाथ समोर उभाच होता. सावरगव्हाणच्या माळावर बुवांचा लहानसा मठ होता आणि नागनाथ त्या मठाचा कोठीवाला होता. बारा वर्षं कोठीची किल्ली त्याच्या कमरेला होती. आज सकाळी तो पाणवठ्यावरून रिकामी घागर घेऊन परत आला, आणि आल्या आल्या बुवांपुढं येऊन उभा राहिला.

"बायका काय म्हणाल्या?" बुवांनी विचारलं.

"जाऊ द्या."

"घागर न भरता आलास. काहीतरी म्हणाल्या असतील."

"म्हणाल्या, मठातली भाकरी खाल्ली की पेवात उतरून आल्यागत वाटतं." नागनाथानं घागर खाली ठेवली. "दुसरी म्हणाली, नागोबा मुंगीलासुद्धा सांगेल, अर्धा दाणा ठेव आणि मग जा. सगळ्या हसल्या."

बुवाही थोडं हसले. नागनाथाला ते झोंबलं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं तळघर. वर अरुंद तोंड, आत माणूस उभा राहील एवढी पोकळी. मठाची अशी तीन पेवं होती. खळी झाली की घराघरातून मठाला ज्वारी यायची. नागनाथ ती पेवात ओतायचा, तोंडावर शिळा ठेवायचा आणि शेणमातीनं लिंपून टाकायचा. खायला काढायचा ती सगळ्यात जुनी, तीन वर्षांमागची. ती काळवंडलेली असे, तिला कुबट वास येई. तिची भाकरी तव्यावर कधी फुगली नाही.

वाढतानाही त्याची एक रीत होती. "आणखी हवी?" असं तो विचारायचा खरा, पण तोवर टोपली मागं घेतलेली असायची.

"हसायला झालं तरी काय?" बुवांनी विचारलं.

"गजरामावशीवरून."

बुवांची सुई थांबली.

गजराबाई मठाच्या मागच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. तीस वर्षं तिनं मठाचं दळण दळलं होतं. आता चार दिवस तिच्या पोटात घोटभर पाण्यापलीकडं काही गेलं नव्हतं.

"तिनं काही मागितलं का?"

"भाकरी. यंदाच्या ज्वारीची. एकच."

"तू काय म्हणालास?"

"जुनी संपली की देतो म्हणालो."

माळावरून वारा आला. ओट्यावरची धूळ थोडी हलली आणि पुन्हा बसली.

"बायका आपापल्या घरून घेऊन आल्या होत्या," नागनाथ म्हणाला. "तिनं परत पाठवली. म्हणाली, दळलं मठाचं, खाईन मठाचं. आता यात माझा काय दोष?"

बुवांनी सुईत नवा दोरा ओवला.

"मी कुणाचं घेतलं नाही. स्वतः चोरून खाल्लं नाही. पंगतीला जी भाकरी वाढली, तीच मी खाल्ली. आणि हे सगळं शिकलो कुणाकडून? तुमच्याकडून. तुमच्या कफनीला सतरा ठिगळं. लोक म्हणतात, काय वैराग्य. मी तेच केलं की चिंगूस. ताटाभोवती सांडलेला दाणा तुम्ही वेचून खाता की नाही?"

"माझ्या ताटाभोवतीचा," बुवा म्हणाले.

"दाणा तो दाणाच."

बुवांनी दोरा दातानं तोडला.

"आणि त्या दुष्काळात?" नागनाथाचा आवाज चढला. "माझ्या आधीचा कोठीवाला होता ना, सढळ हाताचा. त्याच्या राज्यात मठानं अमाप जेवणावळी घातल्या आणि पुढं चुलीत मांजर निजलं. माझ्या राज्यात दुष्काळ आला तेव्हा दोन महिने अख्ख्या गावाला आंबील मिळाली. ती याच पेवांतून. तेव्हा या बायका हसत नव्हत्या."

"खरं आहे. तू होतास म्हणून गाव तगलं," बुवा म्हणाले. मनापासून म्हणाले. नागनाथाच्या जिवाला जरा बरं वाटलं.

मग बुवांनी विचारलं, "ही जुनी कधी संपेल, नागू?"

"आषाढापर्यंत."

"मग?"

"मग तिच्या पुढच्या वर्षीची काढायची."

"आणि यंदाची?"

"तिची पाळी आली की."

"तोवर तिचं काय होईल?"

नागनाथानं मनात वर्षं मांडली.

"तीसुद्धा जुनी होईल," तो म्हणाला.

"मग नवी कधी खायची?"

बारा वर्षांत हा प्रश्न नागनाथाला पडलाच नव्हता. गावातली चांगली ज्वारी दरसाल मठात येत होती, आणि दरसाल मठ वाईट ज्वारी खात होता.

"वाया तर काही गेलं नाही ना, बुवा," तो हळूच म्हणाला.

"नाही." बुवांनी कफनीची घडी घातली. "मीसुद्धा बारा वर्षं तीच खाल्ली. समोर येईल ते खायचं, एवढंच बघितलं. बाकीच्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. माझंही चुकलं."

नागनाथ खाली बघत राहिला.

"जा. यंदाचं पेव उघड."

"एका भाकरीसाठी?" तो दचकला. "पेव एकदा उघडलं की सगळी ज्वारी वर काढावी लागते. बाहेर ती किती टिकणार? किडा लागेल."

"लागू दे."

"दोन महिने थांबलं असतं तर…"

"तिला विचार, थांबतेस का."

नागनाथ विचारायला गेला नाही. कुदळ आणायला गेला.

लिंपण फुटता फुटेना. नागनाथाचं लिंपण असं असे की मुंगी शिरायची नाही. त्याचा त्याला अभिमान होता. आज पहिल्यांदाच त्याला आपल्या हाताचा राग आला.

दुपारी शिळा सरकली. आतून कोंदट वाफ आली. बंद पेवात विषारी हवा साठते. घाईनं उतरलेली माणसं आतच राहिलेली आहेत. म्हणून आधी पेटता कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं.

नागनाथानं कंदील सोडला. हातभर खाली गेला नाही तोच विझला.

दिवस मावळताना पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

तो गजराबाईच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"मावशी, उद्या देतो."

"काय रं?"

"भाकरी. यंदाची."

"असू दे की. घाई काय हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील खाली ज्वारीपर्यंत जळत गेला. नागनाथ दोरीला धरून आत उतरला. गुडघाभर ज्वारीत उभा राहिला. कंदिलाच्या उजेडात दाणे मोत्यासारखे दिसत होते. त्यानं चार दाणे तोंडात टाकले. गोड लागले. ही चव तो विसरून गेला होता. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग घमेलं भरून वर आला.

जात्यावर आजवर गजराबाईचाच हात. नागनाथानं खुंटा धरला आणि ओढायला लागला.

मागच्या खोलीतून बारीक आवाज आला. "सावकाश ओढ. भरड पडतंय."

नागनाथानं हात सावकाश केला.

भाकरी तव्यावर टम्म फुगली. ती तशीच गरम तो तिच्याकडं घेऊन गेला. पाठीला हात देऊन तिला बसवलं. तिचं वजन सुपातल्या भुसाएवढं लागलं. तिनं भाकरी दोन्ही हातांत घेतली, नाकाजवळ नेली, डोळे मिटले.

"जुनी संपली का रं?"

"संपली, मावशी."

"मग बरं झालं."

तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला. चावायचं बळ नव्हतं. घास गालातच राहिला. ऊन दारात यायच्या आधी ती गेली.

नागनाथानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग फडकं सोडलं. पुन्हा बांधलं. तिचं काय करावं त्याला कळेना.

तिला पोर ना बाळ. तिचं सगळं मठानंच केलं. अग्नी नागनाथानं दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर ठेवायचं, अशी तिकडची रीत. सावडायला म्हणून शेजारच्या वाडीतून माणसं आली होती. वाटेनं जाणारे दोन मेंढके थांबले होते. सगळे भुकेले होते. बुवा म्हणाले, आधी यांना वाढा, मग निघू. ओट्यावर पंगत बसली.

बुवा स्वयंपाकघरात आले. चुलीजवळ दोन टोपल्या होत्या. एकीत काळपट, चपट्या भाकरी. दुसरीवर धुतलेलं पांढरं फडकं. बुवांनी फडक्याचं टोक उचललं. आत पांढऱ्याशुभ्र, पापुद्रा सुटलेल्या भाकरी होत्या. अजून वाफ येत होती.

"ह्या कुणाच्या?"

"गजरामावशीच्या," नागनाथ म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. "तिच्या पानावर ठेवायला. स्वतः दळून केल्या, बुवा. भरड पडू दिली नाही."

"आणि ह्या?"

"पंगतीच्या."

"पंगतीला जुनी?"

"थोडीच उरलीय. आषाढापर्यंत पुरेल एवढीच. तेवढी एकदा संपली की…"

तो थांबला. आपलाच आवाज त्याच्या कानांवर आला होता.

बुवांनी पांढऱ्या भाकरींची टोपली उचलली आणि बाहेर गेले. नागनाथ दाराशी उभा राहून बघत होता. बुवा वाकून वाकून एकेकाच्या ताटात वाढत होते.

म्हाताऱ्या मेंढक्यानं भाकरी हातात घेतली, वास घेतला.

"यंदाची वाटतं, बुवा?"

"यंदाची."

"आमच्या गावात सांगत व्हते, मठात यंदाची कधी मिळतच न्हाई म्हणून."

"चुकीचं नव्हते सांगत," बुवा म्हणाले, आणि त्याला अजून एक वाढली.

टोपली रिकामी झाली. बुवा आत आले. दुसऱ्या टोपलीतली एक काळी भाकरी त्यांनी उचलली. पांढऱ्या फडक्यात नीट गुंडाळली आणि नागनाथाच्या हातात ठेवली.

"चल. ऊन चढतंय."

नागनाथ हातातल्या फडक्याकडं बघत राहिला.

"ही?"

"ही."

"बुवा… तिनं यंदाची मागितली होती."

"होती," बुवा म्हणाले.

बाहेर पंगत मुकाट जेवत होती. नागनाथानं भाकरी छातीशी धरली, लेकरू धरावं तशी.

"तिच्या पानावर ही कशी ठेवू, बुवा?"

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मेलेल्याला जुनी चालते, नागू."