धाकू सुताराचा ओंडका

आंबेकोंडातल्या घरांवर कौलं चढायच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा गावात धाकू नावाचा सुतार होता. पाडलेल्या झाडावर हात ठेवून तो ‘कामाचं’ किंवा ‘जळणाचं’ असं म्हणेपर्यंत कोणी कुऱ्हाड उचलत नसे. तो ओंडक्याच्या एका टोकाला कान लावी, दुसऱ्या टोकाला कोणीतरी दगडाने टकटक करी. लाकूड त्याच्याशी बोलायचं, असं म्हणतात. तो स्वतः मात्र फारसा बोलत नसे, आणि बायकोशी तर त्याहून कमी.

एका उन्हाळ्यात लोकांना रानात एक भलामोठा ओंडका सापडला. कधीकाळी कोणीतरी झाड पाडलं होतं आणि तिथंच टाकलं होतं. त्यावर साल नव्हती आणि पान तर औषधालाही नव्हतं. बघणाऱ्यांनी ठरवून टाकलं, हा ऐन आहे. ऐनाचं जळण म्हणजे पावसाळ्याची चिंता मिटली. ओंडका ओढत आणून देवळाच्या पडवीत ठेवला, वाटण्यांवरून थोडं भांडूनही झालं, आणि मग धाकूला बोलावलं.

धाकूने एक ढलपी काढून चावून पाहिली आणि ओंडक्याला कान लावला. हा ऐन नव्हे, किंजळ आहे, तो म्हणाला, पाण्यावर टाकला तरी कुजायचा नाही. पाऊस सरला की गावाशेजारच्या वहाळावर ये-जा करायला लाकडाचा सांकव घालू. दर पावसाळ्यात त्या ओढ्याला पूर आला की पलीकडचं जग तुटायचं. लोक हिरमुसले, पण धाकूचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती.

आषाढात धाकूची बायको आवडी गेली. पाऊस खळत नव्हता आणि रचून ठेवलेलं सगळं सरपण भिजलं होतं. चिता रचण्याजोगं कोरडं लाकूड गावात एकच होतं. गावचा प्रमुख असलेल्या गावकराने धाकूला समजावलं की सांकवाचं पुढं बघू, आधी बायकोला वाटेला लाव. धाकू कुऱ्हाड घेऊन पडवीत गेला. त्याने ओंडक्याला कान लावला. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. तरी आतून टकटक ऐकू आली, असं म्हणतात.

बऱ्याच वेळाने तो उठला. कुऱ्हाड तिथंच ठेवली आणि म्हणाला, “हिची आय पल्याड मेली, तवा वहाळ भरल्याला, ही ह्या काठावर बसून रडली. मी ह्यो ओंडका नाय जाळायचा.”

एवढं बोलून तो मांडी घालून बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मग घराघरांतल्या बायका उठल्या. चुलीवरच्या माळ्यावर पोरांच्या पेजेसाठी वाळत ठेवलेलं एकेक लाकूड त्यांनी खाली काढलं आणि पदराखाली झाकून आणलं. त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. चिता मात्र पेटली, आणि ती विझेपर्यंत पाऊस चारी बाजूंनी थांबून राहिला, असं म्हणतात. पाऊस सरल्यावर धाकूने सांकव घातला. त्यावरून पहिल्यांदा पलीकडे गेली ती ह्याच गावात दिलेली आवडीची धाकटी बहीण, बाळंतपणाला माहेरी.

आता तिथं सिमेंटचा पूल आहे आणि घरोघरी गॅस आहे. तरी प्रत्येक घराच्या आढ्याला एक सुकं लाकूड बांधलेलं असतं. कोणाच्याही दारी मरण आलं, वैऱ्याच्या का असेना, की ते सोडून तिथं नेतात. नेणारा आपल्या घराचं नाव सांगत नाही. लाकूड अंगणात ठेवतो आणि म्हणतो, “धाकूनं दिलंय.”