काठावरची हाक

नदीकाठच्या एका गावात नरहरी नावाचा शिंपी राहत होता. हाताला मोठी सफाई, स्वभाव लोण्यासारखा; पण पाण्याचं नाव काढलं की ह्या गृहस्थाची गाळण उडायची. पोहणं सोडाच, गुडघाभर पाण्यात उतरायलाही तो धजत नसे. आणि गंमत बघा, त्याची एकुलती एक लेक वेणू निघाली अस्सल मासोळी!

वेणूला पोहायला शिकवलं सोनाक्काने. ही सोनाक्का होडी चालवायची आणि गावातली निम्मी पोरं तिच्याच हाताखाली पोहायला शिकलेली. मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधायचा, पाण्यात सोडायचं, आणि मूल नीट हातपाय मारू लागलं की आईबापांनी आपल्या हाताने तो भोपळा सोडायचा, अशी त्या गावची रीत होती. वेणूचा भोपळा सोडताना नरहरीचे हात असे थरथरले, की गाठ काही सुटेना. शेवटी त्याने ती कात्रीने कापली.

दिवाळी सरली की गावात जत्रा भरे. जत्रेत मुलामुलींची पोहण्याची शर्यत होई, वरच्या डोहापासून थेट देवळाच्या घाटापर्यंत. वेणू दहा वर्षांची झाली आणि शर्यतीची तयारी करू लागली. झालं! नरहरीने सुईदोरा बाजूला ठेवला आणि रोज सकाळी तिच्याबरोबर काठाने धावायला लागला. "वेणू, हात लांब टाक! पाय मार, पाय! अगं, दम घे!" स्वतः कोरडा ठणठणीत, आणि हुकूम सोडतोय पाण्यातल्या पोरीला! लोक हसत. नरहरी तिकडे लक्षच देत नसे. खरं सांगायचं तर तो शिकवायला म्हणून ओरडत नव्हताच. आपली हाक थांबली तर लेक बुडेल, असं त्या बिचाऱ्याला वाटायचं.

पहिल्या वर्षी वेणू मागे पडली. दुसऱ्या वर्षीही तेच. त्या दिवशी ती सोनाक्काच्या होडीत येऊन बसली आणि म्हणाली, "अक्का, मला आता पोहायचं नाही."

"का गं बाई?"

"मी हरले की आप्पांचं तोंड एवढंसं होतं. मला नाही बघवत."

सोनाक्काच्या ते जिवाला लागलं. पोरगी कशी आहे ते तिला ठाऊक होतं. बाजारच्या दिवशी नरहरी तालुक्याला जाई, त्या दिवशी हीच वेणू सरावात सगळ्यांच्या पुढे असे. मग शर्यतीत होतं तरी काय? सोनाक्काच्या ते केव्हाच ध्यानात आलं होतं. इतके दिवस आपण बोललो नाही, ही आपलीच चूक, असं म्हणत ती तडक नरहरीच्या दुकानात गेली.

"नरहरी, तुझी लेक शर्यतीत सरळ पोहत नाही. ठाऊक आहे तुला?"

"मग अक्का, तुम्ही शिकवा ना तिला सरळ!"

"मी शिकवते मधल्या धारेत राहायला. तिथे पाण्याला ओढ असते. तू काठावरून हाक मारतोस. दर हाकेला ती मान वळवून तुझ्याकडे बघते, आणि बघते तिकडेच सरकते. अर्ध्या वाटेत पोर काठाच्या संथ पाण्यात येऊन पडते. भोपळा कापलास रे बाबा, पण हाक तशीच बांधून ठेवलीस."

नरहरीने हातातलं कापड खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "अक्का, मी गप्प बसलो आणि तिला काही झालं तर?"

"माझी होडी असते ना मागे. ते माझ्यावर सोड. पोहायचं ते ती पोहेल."

"आणि मी काय करू?"

"तू घाटावर उभा राहा. पोर बाहेर येईल तेव्हा तिला तिचा बाप दिसू दे. वस्ताद एक आहे, तेवढा पुरे."

"आणखी एक वर्ष पोह," असं सोनाक्काने वेणूला समजावलं. पुन्हा जत्रा आली. नरहरी घाटावर उभा राहिला. जीव नुसता टांगणीला लागला होता. वळणावरून पोरं दिसू लागली. वेणू मधल्या धारेत होती, पण चौथी. तेवढ्यात तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. ती खोकली, थांबली, मान वर करून काठाकडे बघू लागली. दर वर्षी आप्पा जिथे धावायचे तिथे कोणीच नव्हतं.

नरहरीने ते घाटावरून पाहिलं. हाक अगदी ओठांवर आली. त्याने उपरण्याचा बोळा करून दातांत धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण त्याने तोंडातून शब्द काढला नाही. सोनाक्काची होडी मागे होती. तिनेही वल्हं आवरलं आणि वाट पाहिली.

वेणूने एक मोठा श्वास घेतला. तोंड पाण्यात घातलं आणि निघाली. ना डावीकडे बघितलं, ना उजवीकडे. एकीला मागे टाकलं, मग आणखी एकाला. घाटाला हात लावला तेव्हा ती दुसरी आली होती.

कुडकुडत ती पायऱ्या चढली आणि आधी बापाचं तोंड बघायला लागली. नरहरीने तिला उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलं. "अगं, किती गारठलीस! भूक लागली असेल ना?"

"आप्पा, कितवी आले ते विचारलं नाहीत?"

"तू आलीस ना, बास झालं मला."

वेणू त्याच्याकडे बघतच राहिली. मग खुदकन हसली, वळली आणि होडीकडे बघून ओरडली, "अक्का, उद्या सरावाला कधी येऊ?"

तात्पर्य: शिकवणं गुरूवर सोपवावं आणि पोहणं लेकरावर; आईबापांनी, ते हरो वा जिंको, मायेने त्याची वाट बघावी.