बकुळेचा सदरा

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं, डोंगराच्या पोटाशी वसलेलं एक साधंसं गाव होतं. त्या गावात एक शिंपी राहायचा. त्याच्या हाताला अशी सफाई होती, की त्यानं मारलेली टीप डोळ्यांजवळ धरली तरी कुठं वाकडी दिसायची नाही. गावातली लग्नं त्याच्या कपड्यांवाचून लागत नसत. शिंप्याला या गोष्टीचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा जास्तच होता.

त्याला एक मुलगी होती, बकुळा. ती त्याचा जीव की प्राण. पण शिंप्याची एक खोड होती. वाकडंतिकडं काही त्याला बघवायचंच नाही, मग ते कापड असो की लेकरू.

बकुळा भिंतीला धरून उभी राहायला लागली, तेव्हा ती पडेल म्हणून त्यानं तिच्या काखेखालून कापडाची पट्टी घातली आणि तिचं टोक हातात धरून तो तिला चालवू लागला. दोन महिने पट्टी सुटली नाही. मग एक दिवस तो दोरा आणायला बाजारात गेला, आणि बकुळा पट्टीबिट्टी सोडून चुलीपासून दारापर्यंत चालत गेली. पहिली पावलं आईनं पाहिली. बापाच्या नशिबी ती नव्हती.

घास तो स्वतः भरवायचा, कारण तिच्या हातून वरण सांडायचं आणि झबल्यावर डाग पडायचे. केस तोच विंचरायचा. बकुळा हात पुढे करून म्हणायची, "माझी मी."

"हो, हो, तुझी तूच," असं म्हणत तो तिचं काम उरकून मोकळा व्हायचा.

बकुळा तीन वर्षांची झाली. तिला बालवाडीत घालायचं ठरलं. मुलगा असो की मुलगी, तिथं सगळ्यांना एकच गणवेश होता. पिवळा सदरा आणि निळी चड्डी. गावातल्या वीस पोरांचे गणवेश शिंप्यानंच शिवले होते. रोज सकाळी तीच पोरं त्याच्या दुकानावरून जायची. कुणाचा सदरा चड्डीतून बाहेर आलेला, कुणाचं बटण भलत्याच काजात. ते बघून शिंपी कपाळाला हात लावायचा.

"माझ्या लेकीचं असं ध्यान मी होऊ देणार नाही," तो बायकोला म्हणाला.

त्यानं डोकं चालवलं. सदरा बाहेर येऊ नये म्हणून सदरा आणि चड्डी टीप मारून एकमेकांना जोडून टाकली. पुढची पाच बटणं नुसती शोभेला लावली, खाली काजं केलीच नाहीत. उघडायची सोय पाठीमागे, बारीक बारीक हुकांची. कडक इस्त्री केली. असा गणवेश त्या गावानं कधी पाहिला नव्हता.

पहिल्या दिवशी बकुळेनं तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. "माझी मी घालते," ती म्हणाली. पण घालायचा कुठून, हेच तिला कळेना. शिंप्यानं पटापट हात घातले, पाय घातले, हूक लावले. रस्त्यानं जाताना लोक वळून वळून बघत होते. शिंप्याची छाती फुगली.

दुपारी बकुळा परत आली ती ओल्या चड्डीनं. तिला लघवीला लागली होती. ती मोरीपर्यंत आपली आपण गेली, पण हूक पाठीमागे. बटणं ओढून पाहिली, ती उघडेनात. बाईंना हाक मारली, बाई धावत आल्या, पण ते हूक सापडेपर्यंत उशीर झाला होता.

तिला घरी पोचवायला बाई स्वतः आल्या होत्या. "दादा, तुमचं शिवण गावात एक नंबर आहे," त्या म्हणाल्या. "पण पोरीला आत कोंडून ठेवलंत हो."

बकुळा रडली नाही. तिनं गणवेश नेऊन चिंध्यांच्या ढिगात खुपसला आणि ती मशीनखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या वेळी ती तिथून बाहेर येईना, तिसऱ्या दिवशीही येईना.

शिंपी खाली वाकून म्हणाला, "शाळा नको का बाळा?"

"शाळा पायजे," बकुळा म्हणाली. "ते कपडे नको. ते मला उघडत नाही."

बायको म्हणाली, "अहो, वीस घरच्या पोरांना त्यांचे त्यांना घालता येतील असे कपडे तुम्ही शिवलेत. मग हिनंच काय पाप केलं?"

त्याला फार लाज वाटली. चिंध्यांतून गणवेश ओढून काढून त्यानं तो धुतला, वाळवला आणि उसवायला बसला. स्वतःची टीप उसवताना त्याचा हात जड झाला होता. सदरा वेगळा झाला, चड्डी वेगळी झाली. पाठ त्यानं शिवून बंद केली. पुढे मोठाली बटणं लावली, काजं सैल केली आणि चड्डीला टोक ओढलं की सुटेल अशी नाडी ओवली.

सकाळी बकुळा पायरीवर बसून सदरा घालू लागली. एक बटण लावायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात शिंप्यानं अख्खी बाही जोडली असती. बालवाडीची घंटा झाली. शिंप्याचे हात शिवशिवत होते. बायको त्याच्याकडे बघत होती. त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

अखेर बकुळा उभी राहिली. वर एक बटण उरलं होतं, खाली एक काज. कॉलर एका कानाला लागली होती. "झालं," ती म्हणाली.

शिंप्याच्या मनात आलं, एका क्षणात सारखं करून देता येईल. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतका आनंद त्याच्या कुठल्याही शिवणानं त्या तोंडावर आणला नव्हता. "चल," एवढंच तो म्हणाला.

बाजारात एक जुनं गिऱ्हाईक हसलं. "काय शिंपीदादा, आज हात घसरला वाटतं?"

"माझा हातच लागला नाही," शिंपी म्हणाला. "तिनं तिचा घातलाय." आणि ते सांगताना त्याची छाती पहिल्या दिवसापेक्षा जास्त फुगली होती, याचं त्यालाच नवल वाटलं.

त्या दुपारी बकुळा कोरड्या चड्डीनं घरी आली. पुढे कधी दोन बटणं चुकली, कधी एक. पंधरा-वीस दिवसांनी पाचही बटणं आपापल्या काजात बसली.

त्याच सुमारास एके सकाळी शिंपी मशीनवर काम करत होता. चड्डीची नाडी आजवर आईच बांधून द्यायची, पण आज बकुळा ती धरून त्याच्यापाशी आली. "बाबा, ही कशी बांधायची? मला शिकवा."

शिंप्याचा पाय मशीनवरच थांबला. तीन वर्षांत तिनं त्याच्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं, कारण मागायच्या आधीच तो करून टाकायचा. तो खाली उतरून तिच्याशेजारी जमिनीवर बसला, दुसरी एक नाडी स्वतःच्या हातात घेतली आणि सावकाश, तिला दिसेल अशी, पहिली गाठ मारली.

तात्पर्य: लेकराचं काम आपण करून टाकलं, तर ते फक्त नीटनेटकं दिसतं. त्याचं त्याला करू दिलं, तर ते शिकतं, आणि अडलं की विश्वासानं आपल्याकडेच येतं.