आपापल्या झुडपात

एका जंगलात एक वाघ राजा होता. तो राजा कसा झाला म्हणाल, तर राजा कोण असावा हे ठरवायला जंगलाची पहिली सभा भरली, तेव्हा सभेला तोही येऊन बसला होता. त्यामुळे चर्चा फारशी लांबली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि तो पट्टेश्वर महाराज झाला. दर पाच उन्हाळ्यांनी तिथे निवडणूकही होते. अगदी रीतसर होते, उगाच शंका काढू नका.

त्याच जंगलात ऐनाच्या एका उंच झाडावर गोंदाजी नावाचा वानर राहायचा. त्याचा पिढीजात धंदा पहाऱ्याचा. शेंड्यावर बसायचं, लांबवर बघायचं आणि गवतात पट्टे हलले की "खॅक! खॅक!" करून रान डोक्यावर घ्यायचं. झाडाखाली सुंद्री नावाच्या चितळीचा कळप चरायचा. गोंदाजी खाताना निम्मा पाला खाली सांडायचा, वानराची जातच ती, आणि चितळं तो पाला आनंदाने खायची. त्या बदल्यात वारा फिरला आणि वाघाचा वास आला, की चितळं कूक देऊन गोंदाजीला सावध करायची. वरच्याचे डोळे, खालच्यांचं नाक, असा तो कारभार कित्येक पिढ्या चालला होता. त्यात अडचण एवढीच होती की महाराज अर्धपोटी राहायचे.

"महाराज किती वाळले हो!" असं प्रधान तरस दरबारात रोज म्हणायचे. त्यांची कळकळ खरी होती. महाराजांच्या ताटातली हाडं त्यांनाच मिळायची ना.

मग शिंकाडी आली.

शिंकाडी खरी होती बरं का. राजानेच उठवलेली आवई, असं काही समजू नका. आधी रानडुकरं शिंकायला लागली, मग सांबरं, मग माकडं. ताप चढायचा, पाय लटपटायचे, म्हातारी जनावरं बसल्या जागी आटोपायची. गोंदाजीचा थोरला भाऊ शिंकता शिंकता फांदीवरून पडला तो पुन्हा उठलाच नाही. गोंदाजी पुष्कळ रडला. राजवैद्य होतं एक म्हातारं अस्वल. त्याने सांगितलं, "जो शिंकतो त्याने बरं वाटेपर्यंत बाजूला राहावं, नाक झाकावं. बाकीच्यांनी त्याला पाणी नेऊन द्यावं. घाबरण्यासारखं काही नाही."

"वैद्यबुवा," प्रधान तरस म्हणाले, "सगळं लोकांनीच करायचं, तर मग महाराजांनी काय केलं असं दिसेल?"

 मग अस्वलाला पलीकडच्या डोंगरात मधाचा सखोल अभ्यास करायला पाठवलं, आणि त्याचा सल्ला दरबारात सुधारून घेतला. सुधारलेला सल्ला वाचून दाखवायला मोर उभा राहिला. पूर्वी वाघ दिसला की मोरसुद्धा केकाटायचा. सरकारी नोकरी लागल्यापासून त्याला वाघ दिसत नाही. डोळे अधू झाले असतील.

"रानबांधवांनो आणि रानभगिनींनो!" मोराने पिसारा फुलवला. "महाराजांना तुमच्या जिवाच्या काळजीने घास गिळवत नाही! म्हणून आजपासून कळप बंद! दोन जनावरांत सहा उड्यांचं अंतर! ज्याने त्याने आपापल्या झुडपात राहावं, तिथलंच गवत खावं! शिंको न शिंको, प्रत्येकाने नाकाला पळसाचं पान बांधावं! म्हणा माझ्यामागे: कळप सोडा, जीव जोडा!"

"कळप सोडा, जीव जोडा!" जंगल दुमदुमलं.

सुंद्रीने भीतभीत विचारलं, "नाकाला पान बांधल्यावर वास कसा यायचा हो?"

"कसला वास?" मोराने विचारलं.

सुंद्रीने मंचाकडे पाहिलं. महाराज पुढचे पंजे चाटत बसले होते. "कसला नाही," ती म्हणाली, आणि तिने पान बांधलं.

कामाची पद्धतही बदलली. जो तो घरूनच काम करू लागला. सुतारपक्ष्याने इतकं झटून काम केलं की आठवड्याभरात त्याला घरच उरलं नाही. मधमाश्यांनी बाहेर न जाता फुलांनाच पोळ्यात बोलावून घ्यावं, असा हुकूम निघाला. फुलं आली नाहीत, तेव्हा मोराने त्यांना कडक कारवाईचा इशारा दिला. प्रवासाला परवाना लागू लागला. एका गोगलगायीने शेजारच्या पानावर जायचा परवाना मागितला, आणि तो येईपर्यंत ती बिचारी जाऊन परतही आली होती. विनापरवाना फिरल्याबद्दल तिचा शंख जप्त झाला. उत्तरेकडून आलेल्या बदकांना उतरायचा परवाना मिळेना. तळ्यावर घिरट्या घालघालून ती कंटाळली आणि आल्या वाटेने परत गेली. शिस्तीचं याहून सुंदर उदाहरण जगात दुसरं नाही, असं मोर म्हणाला.

राहता राहिली करमणूक. पूर्वी सांजेला पाणवठ्यावर सगळी जमायची. कोणी शिंगं घासायचं, कोणी चिखलात लोळायचं, आणि पाणी पिता पिता महाराजांच्या नावाने बोटं मोडली जायची. ते सगळं बंद झालं. त्याऐवजी मोराचा नाच सुरू झाला, दिवसातून तीनदा, आणि तो आपापल्या झुडपातून बघायचा. नाच संपला की सगळ्यांनी पोकळ ओंडके बडवायचे. शिंकाडी आवाजाला घाबरते म्हणे! पण खरं सांगायचं तर ते जनावरांना आवडलं. दिवसभर एकटं बसून जीव आंबून जायचा. सगळ्या रानातून ढमढम उठली की वाटायचं, चला, आहेत बाकीचे. सुंद्रीही खुरांनी ओंडका बडवायची, आणि तिचं नुकतंच पायावर उभं राहिलेलं पाडस, चिमी, त्या तालावर टुणटुण उड्या मारायचं.

गोंदाजीचं बाकी भलं झालं. त्याला इशारा खात्याचं प्रमुख केलं. राजवाड्याजवळच्या वडावर बसून काम करायचं, आणि वडाला बाराही महिने फळं. गोंदाजीने सुंद्रीचा निरोप घेतला. म्हणाला, "आता मोठ्या पदावर आहे. तुमच्यासाठी काहीतरी करता येईल." बढती मिळालेला प्रत्येक जण असंच म्हणतो, आणि त्या दिवशी त्याला ते खरंही वाटत असतं.

नियम एकच होता. काही दिसलं तर परस्पर ओरडायचं नाही. आधी प्रधानांना कळवायचं. प्रधान शहानिशा करतील, मग मोर जाहीर करील. रानात उगाच घबराट नको.

"प्रधानजी," गोंदाजीने डोकं खाजवत विचारलं, "समजा वाघ दिसला, तर?"

"इथे वाघ कुठे आहे?" तरस म्हणाले. "इथे महाराज आहेत. वाघ दिसला तर जरूर कळव."

एका सांजेला ओंडक्यांची ढमढम ऐन रंगात आली होती. गोंदाजी वडाच्या फांदीवर फळ सोलत होता. त्याला दिसलं की महाराज मंचावर नाहीत. मग त्याने सवयीने लांब पाहिलं. ऐनाच्या बाजूला, उंच गवतात, पट्टे हलत होते. पट्ट्यांच्या पुढे सुंद्रीचं झुडूप होतं.

गोंदाजीच्या हातातलं फळ गळालं. तो खाली धावला. "प्रधानजी! सुंद्रीच्या झुडपाकडे... ते... वाघ!"

"आधी मला सांग, कोणता वाघ?" तरसांनी शांतपणे विचारलं. "नाव काय? पट्टे किती? तू स्वतः जवळून पाहिलास का?"

 गोंदाजीने उडी घेतली आणि फांदीवरून फांदीवर, वेलीवरून वेलीवर, "खॅक! खॅक!" ओरडत सुटला. घसा फाटेस्तोवर ओरडला. पण सगळं जंगल महाराजांच्या हुकमाने ओंडके बडवत होतं. ऐनाच्या झाडावर पोचला तेव्हा सुंद्री नाकाला पान बांधून ताल धरत होती. वर काहीतरी हललं म्हणून तिने मान उचलली. गोंदाजीदादा इतक्या दिवसांनी आलेला पाहून तिला कोण आनंद झाला! तो हातवारे करत होता, तोंड उघडमीट करत होता. तिला वाटलं, तोही गातोय. तिने हसून आणखी जोरात ओंडका बडवला.

मग तिने खाली पाहिलं. चिमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोराने पिसारा मिटून दुखवटा वाचला. "एक उमलतं पाडस आपल्यातून गेलं. महाराजांना इतकं दुःख झालं की त्यांनी काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही." हे मात्र खरं असेल, पोटात जागा कुठे होती? "चौकशीत असं आढळलं, की पाडस आईपासून अवघ्या एका उडीवर होतं. आईने सहा उड्यांचं अंतर पाळलं असतं, तर हा प्रसंग टळला असता. रानभगिनींनो, यातून काही शिका!"

जीभ झडो मेल्याची! आणि झुडपाझुडपांतून आवाज काय आले? "खरंच आहे. नियम पाळायला नको का?"  सुंद्रीने नाकावरचं पान दातांनी ओढून काढलं आणि पायाखाली घेतलं. गोंदाजी वडावर परत गेला नाही. त्याच्या जागी दुसऱ्या वानराची नेमणूक झाली. त्याला म्हणे ओरडताच येत नव्हतं, म्हणून त्याची निवड झाली.

"दादा," सुंद्री ऐनाखाली उभी राहून म्हणाली, "सगळ्यांना पुन्हा एकत्र आणू. तू वर बस. मी खाली बघते."

ती झुडपोझुडपी फिरली. एका जाळीत दुगल्या नावाचा मोठा शिंगवाला चितळ बसला होता. एके काळी कळपाच्या पुढे चालायचा.

"दुगल्याभाऊ, बाहेर ये. असे वेगवेगळे राहिलो तर तो एकेकाला उचलून नेईल."

"लांबून बोल, लांबून," दुगल्या मागे सरकला. "कळपात आल्यावर शिंकाडी झाली तर?"

"आणि वाघ आला तर?"

"तो काय रोज येतो का? आणि आला तरी एवढ्या झुडपांतून माझ्याच कशाला येईल?" दुगल्या खाली बसला. "खरं सांगू का सुंद्रे, आता असंच बरं वाटतं. कोणाची शिंगं लागत नाहीत, कोणाचं ऐकावं लागत नाही. नाच बघायचा, ओंडका बडवायचा, झोपायचं. कळपात काय होतं एवढं?"

शेजारच्या झुडपानेही तेच सांगितलं. त्याच्या शेजारच्या झुडपाने काहीच सांगितलं नाही. सुंद्रीने डोकावून पाहिलं, आत थोडे केस पडले होते.

शिंकाडी पावसाळ्याआधीच ओसरली. शेवटची शिंक कोणाला आली तेही कोणाला आठवेना. महाराज एवढे गुटगुटीत झाले होते की मंचावर चढताना त्यांना धाप लागायची. त्यांना मोठी चिंता पडली.

"प्रधानजी, आता हुकूम मागे घ्यावा लागेल. मग माझं कसं व्हायचं?"

"खुशाल घ्या, महाराज," तरस म्हणाले. "आता हुकमाची गरज नाही. सवय लागली आहे."

हुकूम वाजतगाजत मागे घेतला गेला. मोर घसा खरवडून ओरडला, "तुम्ही मोकळे आहात! हवं तिथे जा! हवं त्याच्यासोबत चरा!" मग सगळे वाट बघत राहिले. एकही झुडूप हललं नाही. एकटी सुंद्री माळावर आली, उभी राहिली आणि परत गेली. पाणवठ्याच्या काठावर गवत माजलं होतं.

त्यातच निवडणूक आली. तीही सोयीची केली होती. मोराने पद्धत समजावली: "मतदान आपापल्या झुडपातून! ज्यांना महाराज हवेत त्यांनी गप्प बसावं. ज्यांना नकोत त्यांनी बाहेर यावं, महाराजांसमोर उभं राहावं आणि मोठ्याने सांगावं. मत देताना कोणतीही भीती बाळगू नये. महाराज जातीने लक्ष ठेवून आहेत!"

मोराने पुकारा केला. सगळीकडे शांतता पसरली. ज्या झुडपांत जनावरं होती ती गप्प होती, आणि ज्यांत आता कोणी उरलं नव्हतं तीही गप्प होती. तरस सगळ्यांची मतं सारख्याच आदराने मोजत गेले.

मग गवत सळसळलं आणि सुंद्री बाहेर आली. ऐनाच्या शेंड्यावर गोंदाजीचा जीव टांगणीला लागला. ती चालत चालत मंचासमोर गेली. तिचा आवाज खणखणीत निघाला. "मला हा राजा नको. याने माझी चिमी खाल्ली."

महाराज उठून उभे राहिले. गोंदाजी "खॅक! खॅक!" करून ओरडला. आज ओंडके वाजत नव्हते, रानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. दुगल्याची जाळी जराशी हलली, आणि पुन्हा थांबली. बाकी कुठे काही नाही. सुंद्री जागची हलली नाही. महाराजांनी एक पाऊल पुढे टाकलं, आणि तेवढ्यात प्रधान तरस लगबगीने त्यांच्या कानाला लागले. महाराजांचा जबडा हळूहळू मिटला. तो मिटल्यावर हसल्यासारखा दिसू लागला.

तरसांनी निकाल जाहीर केला. "महाराज प्रचंड बहुमताने निवडून आले आहेत! विरोधात फक्त एक मत. या एका मतामुळे आपली निवडणूक किती खरीखुरी आहे हे शेजारच्या जंगलांनाही पटेल. म्हणून सुंद्रीबाईंना पुढच्या निवडणुकीपर्यंत पूर्ण अभय देण्यात येत आहे. त्यांच्या केसालाही कोणी धक्का लावणार नाही."

झुडपाझुडपांतून ओंडके वाजले. महाराजांचं मन किती मोठं म्हणून काही जनावरांचे डोळे भरून आले.

गोंदाजी शेंड्यावरून ओरडला, "आणि ज्यांनी महाराजांना मत दिलं, त्यांचं काय?"

तरस हसले. "त्यांचं काय असायचं? ते तर महाराजांचेच!"