पाच मजली केकचा पाद्रिनो

मेक्सिकोतल्या एका डोंगरी गावात चोलेबाई नावाची एक बाई चर्चसमोर गाडी लावून तामाले विकायची. तामाले म्हणजे मक्याचं पीठ, आत तिखट सारण, वर मक्याच्या कणसाची सालं गुंडाळून वाफवलेलं. खाणारा बोटं चाटत जायचा.

त्याच गावात बासिलिओ नावाचा एक गुंड होता. त्याला काहीच विकायचं नव्हतं, तरी सगळं गाव त्याला पैसे द्यायचं.

सुरुवातीला तो दुकानदारांकडून हप्ता घ्यायचा. मग ज्याच्या दुकानात गर्दी, त्याचा हप्ता वाढायला लागला. तेव्हा न्हाव्याने दुकानाला कुलूप लावलं आणि तो स्वयंपाकघरात लोकांच्या दाढ्या करू लागला. बेकरीवाला पाव भाजताना खिडक्या बंद ठेवायचा, वास बाहेर जाऊ नये म्हणून. बसवाल्याने गावात यायचं सोडलं. बँडवाल्यांनी एकदा सराव केला, तर बासिलिओने ढोलाला गोळी मारली. शेवटी लोक मोठ्याने हसेनासे झाले. हसणाऱ्याकडे पैसा असणार, असा बासिलिओचा हिशोब होता.

अशात चोलेबाईची मुलगी रेमेदिओस पंधराची होणार होती.

तिकडे मुलगी पंधराची झाली की लग्नासारखा थाट करतात. चर्च, गाऊन, केक, बँड, नाच. एका घराला हे झेपत नाही, म्हणून एकेका गोष्टीला एकेक पाद्रिनो धरतात. पाद्रिनो म्हणजे त्या गोष्टीचा खर्च उचलणारा मानाचा यजमान. कुणी बुटांचा, कुणी केकचा. आणि एकदा पाद्रिनो झालात की दोन्ही घरं एकमेकांची कोंपाद्रे होतात, आपल्याकडे व्याही असतात तशी. कोंपाद्रेशी भांडायचं नाही. कोंपाद्रेकडून पैसे उकळणं म्हणजे तर भर चौकात स्वतःचं नाक कापून घेणं.

चोलेबाई आठवडाभर दारोदार फिरली. "केकचे पाद्रिनो व्हाल का?" हेच वाक्य प्रत्येक दारात. दारं फटीएवढी उघडायची आणि आतून आवाज यायचा, "नको गं बाई, त्याला कळलं तर?"

रविवारी तिने ठरवलं, पोरीला सांगून टाकायचं की सोहळा होणार नाही. आधी तामाले संपवू, मग सांगू.

तेवढ्यात बासिलिओ गाडीशी आला. प्रार्थना नुकतीच सुटली होती. अख्खं गाव चौकात होतं आणि अख्खं गाव जमिनीकडे बघत होतं.

"पोरीचा सोहळा आहे म्हणे," बासिलिओ म्हणाला. "बँड वाजला तर बँडचे वेगळे, नाचलात तर नाचाचे वेगळे. आणि मला न विचारता ठरवलंत, त्याचे आणखी वेगळे."

 चोलेबाईने काहीतरी बोलायला हवं होतं. पण आठवडाभर एकच वाक्य बोलून जिभेला तेवढंच पाठ झालं होतं.

"सेन्योर," ती म्हणाली, "केकचे पाद्रिनो व्हाल का?"

 चोलेबाईला वाटलं, संपलं. आता गाडी तरी जाणार नाहीतर मी तरी.

बासिलिओने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मी?" तो म्हणाला.

"तुम्हीच."

त्याचे कान लाल झाले. गर्दीतून एक हुंदका आला. बासिलिओची म्हातारी आई पेत्राबाई तामाले घ्यायला रांगेत उभी होती. "माझ्या बाशाला विचारलं!" ती रडत म्हणाली. "आजवर मेणबत्तीचा पाद्रिनो हो म्हणूनसुद्धा कुणी विचारलं नव्हतं गं!"

बासिलिओने टोपी काढली. "केक किती मजली?" त्याने हळूच विचारलं.

"पाच," चोलेबाई म्हणाली. खरं तर तिने दोनच मजल्यांचा ठरवला होता.

झालं. बेकरीवाल्याकडून उकळलेले पैसे केकसाठी बेकरीवाल्याकडेच परत गेले. आणि चोलेबाई कोमाद्रे, म्हणजे बायकांमधली कोंपाद्रे, झाल्यामुळे तिचा हप्ता बंद झाला.

गावाला हे कळायला एक रात्र पुरली. सकाळी बासिलिओच्या दारात रांग होती. चांभाराच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. न्हाव्याला नवीन आरसा घ्यायचा होता आणि आरशाला पाद्रिनो लागतो, हे न्हाव्याला पहाटेच सुचलं होतं. शाळेला फळा हवा होता. बसवाला चाक घेऊन आला होता. पाद्रीबाबांनी अगदी गंभीर चेहऱ्याने चाकावर पवित्र पाणी शिंपडलं.

"चाकालाही पाद्रिनो?" बासिलिओने विचारलं.

"नाही म्हणतोस?" आतून आई ओरडली. बासिलिओ गोळीला घाबरत नसे. आईचा आवाज वेगळा.

त्याने दोन माणसं वसुलीला पाठवली. पण कोंपाद्रेच्या माणसांना जेवल्याशिवाय सोडतात का? दोघं घरोघरी जेवून परत आले तेव्हा त्यांना चालवत नव्हतं. शिवाय एक जण बकरीचा पाद्रिनो झाला होता आणि दुसरा विहिरीच्या पंपाचा.

सोहळ्याच्या दिवसापर्यंत बासिलिओची जीप विकली गेली होती. गावात लुटायला एक घर उरलं नव्हतं. सगळीच कोंपाद्रे.

केक आला. ढोलाच्या भोकाला ठिगळ लावून बँड वाजू लागला. रेमेदिओस निळ्या गाऊनमध्ये उभी राहिली. आणि तेव्हाच चौकात तीन काळ्या गाड्या शिरल्या.

बासिलिओच्या वरचा साहेब उतरला. त्याच्यावर कोण होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. बँड थांबला.

"या गावातून पैसे का येत नाहीत?" साहेबाने शांतपणे विचारलं. त्याच्या माणसांच्या हातात बंदुका होत्या.

बासिलिओ पांढराफटक पडला. रेमेदिओसने आईचा हात धरला.  पण आईची जीभ आता सरावलेली होती. चोलेबाईने लेकीचा हात सोडवला, शेजारणीचं बाळ उचललं आणि ती थेट साहेबापुढे जाऊन उभी राहिली.

"बरे आलात, सेन्योर," ती म्हणाली. "याचे पाद्रिनो व्हाल का?"

बाळाने साहेबाची मिशी पकडली.

साहेबाने मिशी सोडवून घेतली आणि वर पाहिलं. चोलेबाईच्या मागे रांग लागली होती. जुळी मुलं. शिलाई मशीन. नवीन दार, चौकटीसकट. एक म्हातारा ज्याला दात बसवायचे होते. रांग चर्चला वळसा घालून टेकडीवर गेली होती. आज एकही माणूस जमिनीकडे बघत नव्हता.

"हे काय आहे?" साहेबाने विचारलं.

"साहेब, पळा," बासिलिओ कळवळून म्हणाला. "एकदा हो म्हटलंत की सुटका नाही. मी कालच एका टर्कीचा पाद्रिनो झालो."

"तुमच्या आई कुठे असतात, सेन्योर?" पेत्राबाईने मायेने विचारलं. "त्यांनाही कळवू या."

साहेब गाडीत बसला. गाड्यांना वळायला जागा नव्हती, म्हणून तिन्ही गाड्या उलट्याच उतरणीला लागल्या. त्यांच्यामागे बँड वाजवत सगळं गाव घाटापर्यंत गेलं. लोक इतक्या मोठ्याने हसत होते की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकायला लागली. त्या गाड्या पुन्हा कधी त्या रस्त्याला दिसल्या नाहीत.

न्हाव्याची खुर्ची परत रस्त्यावर आली. बेकरीच्या खिडक्या उघडल्या. बासिलिओ हल्ली भल्या पहाटे उठून चोलेबाईच्या गाडीसाठी मका दळतो. काय करणार, पुढच्या महिन्यात त्याची टर्की अंडी घालणार आहे आणि त्याचाही खर्च पाद्रिनोवरच.

तात्पर्य: धाक दाखवणारा प्रत्येकाला एकट्याला गाठतो, म्हणूनच त्याचं चालतं. सगळं गाव एकदम त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं, की पळायची वेळ त्याच्यावर येते.