धारजाईला डोळे का नाहीत

धारखेडच्या धारजाईला डोळे नाहीत. इतर गावांत देवीला चांदीचे डोळे वाहतात. इथे चांदीची कोरी चकती वाहतात, तीही देवीपुढे नव्हे, तर दाराशी अर्धी जमिनीत गेलेली एक ऐरण आहे, तिच्यावर. हे असे का, म्हणून पाहुणे विचारतात. मग आबा गुरव पायरीवर बसतात आणि येसोबा पांचाळाची हकिकत सांगतात.

फार मागे धारखेडच्या जहागीरदाराला, म्हणे, रुपये पाडायची परवानगी मिळाली. तेव्हा प्रत्येक टांकसाळीचा रुपया वेगळा असे. त्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचे, अक्षरे फारसी. पन्नास कोसांत ती वाचणारा सापडायचा नाही. म्हणून लोक टांकसाळीची खूण पाहत. धारखेडची खूण होती धारजाईचा डोळा. ठसे कोरणाऱ्या येसोबाने तो पोलादात कोरण्याआधी देवळात शपथ वाहिली होती, "आई, खोट्या चांदीवर तुझा डोळा उमटू देणार नाही." डोळा दिसला की बाजारात रुपया कुणी वाजवूनही पाहत नसे.

काही वर्षे बरी गेली. मग ठसे फुटू लागले. जो ठसा दिवाळीपासून होळीपर्यंत टिके, तो पंधरवड्यात तडकू लागला. घण मारणारे म्हणाले, पोलाद हलके आले. येसोबाला मात्र उमगले. चांदी मऊ असते, ठसा फोडते ती तिच्यातली भेसळ. त्याने रुपया पाडायची एक कोरी चकती कापली. आत तांबूस.

तो टांकसाळीच्या कारभाऱ्याकडे गेला. कारभारी पान जमवत होता.

"येसोबा, डोळा देवीचा आहे ना? मग ती बघून घेईल. तू कोर." भोवतालचे खो खो हसले.

घरी बायको सगुणा म्हणाली, "ठसा मोडा आन् चला इथनं."

"मी गेलो तर दुसरा कोरंल. डोळा तर तोच राहील."

ठसा रुपयापेक्षा रुंद असतो. त्याच्या काठावर कोरलेले चकतीबाहेर पडते, रुपयावर येतच नाही. येसोबाने नव्या ठशावर डोळा कोरला, पहिल्याहून देखणा, पण अगदी काठाशी. कारभाऱ्याने रिवाजाप्रमाणे ठसा हातात घेतला, डोळा पाहिला, मान डोलावली. पाडलेला रुपया पाहायचा रिवाज नव्हता.

आठवडी बाजारात मिठाच्या तांड्याचा हरजी नाईक पहिल्यांदा थबकला. "आईचा डोळा कुठाय?" त्याने रुपया दगडावर आपटला. बद्द वाजला. मग लोक डोळ्याचे जुने रुपयेही काढून वाजवू लागले. त्यांतलेही बरेच बद्द. देवीने डोळा काढून घेतला, ही बातमी तांड्याच्या बैलांबरोबर घाट उतरली आणि धारखेडचा रुपया कुणी हातात घेईना.

जहागीरदाराचे काय गेले? खरी चांदी त्याने केव्हाच गढीत भरली होती. बुडाले ते कोष्टी, कुंभार, तेली, ज्यांच्या गाडग्यात तेच रुपये होते. ते खवळले, पण गढीवर दगड मारायची छाती कुणाची? ठसे येसोबा कोरतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. ते त्याच्या दारी गेले.

"गप बसला असतास तर चाललं असतं की रे!" कोष्ट्यांचा म्होरक्या ओरडला.

गावानेच त्याला धरून गढीवर नेले. त्याच्याच ऐरणीवर, त्याच्याच टांकसाळीच्या घणाने त्याचा उजवा हात ठेचला, असे सांगतात. घण उचलणारा गावातलाच होता. त्याचे नाव आबा गुरव सांगत नाहीत. त्याचे वंशज समोर बसलेले असतात.

सातव्या दिवशी येसोबा गेला. त्याच सकाळी देवीच्या मुखवट्याचे चांदीचे डोळे गळून पडले, म्हणे. पुन्हा बसवले, पुन्हा गळले. तेव्हा गाव घाबरले. ऐरण आणून देवळापुढे पुरली आणि कोरी चकती वाहायचा नेम केला. ज्यांनी हात ठेचला, त्यांनीच ऐरणीवर पहिला गुलाल उधळला.

आजही नवरात्रात पहिली चकती वाहायचा मान जहागीरदाराच्या घराण्याचा आहे. बाकीच्यांसाठी बाहेर दुकाने आहेत, 'शुद्ध चांदी' अशा पाटीची. ऐरण समोरच आहे. चकती आपटली तर खरे-खोटे तिथल्या तिथे कळेल. आबा गुरव प्रत्येकाला सांगतात, "वाजवून बघा." लोक मान डोलावतात, चकती ऐरणीवर अलगद ठेवतात, हात जोडतात. आवाज होऊ नये, एवढी काळजी मात्र सगळे घेतात.