मागचा लाल दिवा

"अजून काय बघायचं राहिलंय, उस्ताद?"

उल्काचा आवाज चढला होता. सकाळपासून ती हेच विचारत होती.

तिला गाडी शिकवणारे जैनुद्दीन उस्ताद पालथ्या क्रेटवर बसून सुपारी कातरत होते.

मिरजेबाहेरच्या अड्ड्यावर हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक उभा होता. ट्रक उल्काच्या आईच्या नावावर, लायसन उल्काकडे, किल्ली मात्र उस्तादांच्या सदऱ्याच्या खिशात. आईनं बजावून ठेवलं होतं, उस्ताद देतील तेव्हाच एकटीनं गाडी न्यायची. आज त्यांनी नाही दिली, तर ही फेरी हणमंता ड्रायव्हरला जाणार होती. आणि हणमंता पलीकडे चहाच्या टपरीवर उभा राहून दात काढत होता.

"पोती पुढं सरकवून घेतलीत. मागच्या चाकांवर जादा भार नाही. वजनकाट्याची पावती फाइलीत अगदी वर ठेवलीय. टायर, ब्रेक, वायपर... ताडपत्रीची दोरीसुद्धा नवी. तपासणी नाक्यावरच्या साहेबाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही मी!"

"हं."

"हं काय, उस्ताद?"

"मागल्या खेपेला नाक्यावर गाडी संध्याकाळपर्यंत का अडकली होती?"

उल्काच्या कपाळाची शीर तटतटली.

"माहितीय तुम्हाला. स्टिअरिंगवर मी, हणमंता नुसता शेजारी बसलेला, आणि साहेब त्याच्याकडं कागद मागतोय! मी बोलले. बोलणारच!"

"बोललीस, की तोंड सुटलं?"

"म्हणजे तुम्हीही त्याच्याच बाजूचे!"

उस्तादांनी सुपारी तोंडात टाकली आणि गुडघ्यावर हात देत उठले.

"चल. आता मी साहेब."

तिनं फाइल पुढं केली. विमा, फिटनेस, परमिट, सगळं ओळीनं. उस्तादांनी ती उलटी धरली, पानं चाळली आणि परत दिली.

"ओ बाई, ड्रायव्हर कुठाय?"

"मीच," ती दात आवळून म्हणाली.

"मागचे दिवे लावा."

ती केबिनमध्ये चढली, बटण दाबलं, उडी मारून मागं आली. दोन्ही दिवे लालभडक पेटले होते. ती ताठ उभी राहिली.

उस्तादांनी चाकाजवळचा पाना उचलला आणि डाव्या दिव्यावर घातला.

खळ्ळ!

उल्का दचकून दोन पावलं मागं सरकली. हात आपोआप कानांवर गेले.

"दिवा फुटलाय," उस्ताद साहेबाच्या आवाजात म्हणाले. "गाडी बाजूला घ्या."

"तुम्ही फोडलात!"

"फुटलाय."

"माझ्या डोळ्यांदेखत फोडलात! हणमंता, बघितलंस ना तू?"

हणमंतानं घाईघाईनं पाठ फिरवली आणि चहात तोंड घातलं.

मग मात्र उल्काचा बांध फुटला. "गाडी घासून घासून हाताची सालं निघाली माझ्या! लायसन काढताना हसले. इथं हसतात. नाक्यावर हसतात. तुम्ही तरी हसणार नाही वाटलं होतं... आणि तुम्ही तर पानाच उचललात! फोडणार दुसरा आणि निस्तरायचं मी? का? का म्हणून?"

उस्तादांनी पाना खाली ठेवला.

"झालं?"

"नाही झालं!"

"मग बोल."



तिनं क्रेटला लाथ घातली. ते गडगडत टपरीपर्यंत गेलं. मग पेटी उघडून जादा दिवा काढला. नट धरेना. काच बोटात घुसली. बोट तोंडात धरून तिनं एक शिवी हासडली... आणि पुन्हा पाना फिरवला.

दिवा लागला.

"घ्या. बदलला." तिचा राग तसूभर उतरला नव्हता. "पण एक सांगा. उद्या खऱ्या नाक्यावर खऱ्या साहेबानं असाच मुद्दाम फोडला तर? तेव्हाही गप बसून मीच बदलायचा?"

"गप का बसायचं? भांड त्याच्याशी. चांगलं कचाकचा भांड."

"मग?"

उस्तादांनी खिशातून किल्ली काढली. तिच्या रक्ताळलेल्या बोटांत ठेवली.

"आधी दिवा लाव, पोरी. मागून येणाऱ्याला अंधारात तुझं भांडण दिसत नाही."